उजव्या पायाचा चाळ

"कॅन कट ऑर नॉट, अँटी?" अॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या मलय मुलाने मला विचारलं आणि मी म्हटलं, "कट." वृंदा, माझी सून, इथे सिंगापूरला आमच्या ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावर, नाचाच्या फळ्यांवर आडवी पडली होती. डोळे उघडे होते, पण ती कुणाकडे बघत नव्हती. तिच्या छातीला आणि पायांना वायरी लावायच्या होत्या आणि दोन्ही घोट्यांवर घुंगरांचे चाळ घट्ट बांधलेले. सैल राहिले तर नाचताना घसरतात, म्हणून ती दोरी ओढून ओढून गाठ मारायची. त्यात घामाने सुती दोरी फुगलेली. डाव्या पायाची गाठ रेवाने, तिच्या सगळ्यात मोठ्या शिष्येने, दातांनी सोडवली. उजव्या पायाची माझ्या बोटांना सुटेना. कुणाची तरी आई मागून म्हणाली, "अहो आजी, घुंगरू कापायचे नसतात." कापायचे नसतात हे मलाही माहीत होतं. त्या मुलाने वरून खाली कात्री चालवली, वेढ्यावेढ्याला दोरीचे तुकडे झाले आणि घुंगरं सुटली. फळ्यांवरून सिमेंटवर, सिमेंटवरून उताराने गटाराच्या जाळीकडे. पितळ सिमेंटवरून घरंगळतं तेव्हा फार वाजतं. त्या आवाजाकडे वृंदाने मान वळवली... नंतर तिने काहीच केलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी शिरीषला, माझ्या मुलाला, बोलावून सांगितलं की हृदय बंद पडलं. तो आत जाऊन आला आणि माझ्याशेजारी बाकावर बसला. मी त्याला पाणी दिलं.

याला आता दीड महिना झाला. एका मराठी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी वृंदाबद्दल लिहून द्या असं शिरीषला कुणीतरी सांगितलं होतं. तो दोन ओळी लिहायचा आणि उठायचा, म्हणून मी लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. नाचातलं मला कळत नाही. पण ती माझी सून होती आणि तिच्याबद्दल शोकसभेत जे बोललं गेलं ते ऐकून मला वाटलं, ही कुठली बाई? ती हसतमुख होती म्हणे. सगळ्यांना सांभाळून घ्यायची म्हणे. वृंदा हसतमुख नव्हती आणि सांभाळून तर मुळीच घ्यायची नाही. पोरीचा हात चुकला की हातावर चापट मारायची आणि आईने तोंड वाकडं केलं की आईला सांगायची, घेऊन जा. तिची आमटी पातळ असायची. वेळ मात्र तिने कधी चुकवली नाही.

आम्ही सांगलीकडचे. आमच्या गावात पायात चाळ बांधणारीला तमाशातली म्हणत, आणि तशा बाईला कुणी ओट्यावर बसू देत नसे. शिरीषने पुण्याची मुलगी पसंत केली, ती कथक शिकते म्हणून सांगितलं, तेव्हा मी मुलीला तोंडावर सांगितलं की आमच्या घरात चाळ चालायचे नाहीत. मला तसं वाटत होतं, म्हणून बोलले. ती म्हणाली, "मग मी आले की तेही येतील. तुम्ही आधीच विचार करून ठेवा." मी शिरीषला म्हटलं, मुलगी उद्धट आहे. तो म्हणाला, हो. लग्न झालं. तिची नाचाची शेवटची परीक्षा राहिली होती. ती द्यायच्या आत शिरीषला सिंगापूरची नोकरी लागली, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढे माझे यजमान गेले आणि मीही इथे आले. टॅम्पिनीसला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, शिरीष सकाळी रॅफल्स प्लेसला बँकेत जाणार आणि अंधार पडल्यावर येणार, आणि आम्ही दोघी दिवसभर समोरासमोर. भांडायला पुष्कळ वेळ होता.

वर्ग तिने काढला नाही, तो तिच्या गळ्यात पडला. गणपतीच्या कार्यक्रमात ती एकदा नाचली आणि पुढच्या आठवड्यात तीन आया आपापल्या मुली घेऊन दारात उभ्या. पुण्यामुंबईच्या, नवरे कंप्युटरमधले. मुली इंग्रजी शाळेत जातात, मराठी विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात, निदान आपली संस्कृती तरी कळू दे म्हणाल्या. वृंदाने सांगितलं, "संस्कृती तुम्ही घरी शिकवा. मी पाय शिकवते." त्यांना वाटलं गंमत करते आहे. सोफा सरकवून हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. कथकात आधी हे बोल तोंडाने म्हणायचे, हातावर टाळी धरायची आणि मग तेच पायातून काढायचे. पाय सपाट आपटायचा असतो, सगळा तळवा एकदम. पाचसहा पोरी पाचव्या मजल्यावर एकदम पाय आपटू लागल्यावर चौथ्या मजल्यावर काय होत असेल ते सांगायला नको. खाली अँटी तान राहायच्या. चिनी, माझ्याच वयाच्या, एकट्या. त्या वर आल्या, दारातून आत न येता बोटाने आपलं डोकं दाखवलं आणि गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी वृंदाला म्हटलं, त्या बाईचं बरोबर आहे. मलाही दुपारी झोप लागत नव्हती.

वृंदाने मग फोमच्या चटया आणल्या, लहान मुलांच्या असतात तशा, एकात एक अडकवायच्या. घुंगरू बांधणं बंद केलं. पोरी चटईवर नाचू लागल्या, अँटी तान यायच्या बंद झाल्या, मला झोप लागू लागली. सगळ्यांची सोय झाली. अशी तीन वर्षं गेली. पोरी वाढल्या, हात सुंदर फिरू लागले, गिरक्या जमू लागल्या. आया खूश होत्या. मग एक हॉल घेऊन कार्यक्रम ठरला आणि वृंदाच्या गुरू पुण्याहून येणार असं कळलं. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. स्टेज लाकडी, चांगलं. पोरींच्या पायात त्या दिवशी नवे कोरे घुंगरू बांधले. तबला सुरू झाला, पोरी नाचू लागल्या आणि मी मागे बसले होते, मला वाटलं माझ्या कानाला काहीतरी झालं. पोरी पाय आपटत होत्या आणि ऐकू येत होती नुसती सळसळ, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखी. तीन वर्षं फोमवर नाचून पोरींचे पाय आवाज न करायला शिकले होते. टाच आधी टेकायची, मग हळूच पंजा. अँटी तानची झोपमोड होऊ नये म्हणून शिकवलेला पाय होता तो. आयांनी टाळ्या वाजवल्या. बाई कार्यक्रम संपल्यावर आत आल्या, पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वृंदाला म्हणाल्या, "मुली गोड नाचल्या. पाय कुठे होते?"

घरी येताना बसमध्ये वृंदा माझ्याशेजारी बसली होती. उतरताना म्हणाली, "आई, मी तीन वर्षं चोरून नाच शिकवला." मी म्हटलं, "शेजाऱ्यांना सांभाळून शिकवलास." ती म्हणाली, "एकच आहे." दुसऱ्या दिवशी चटया घराबाहेर गेल्या. 

इथल्या ब्लॉकना तळमजल्यावर भिंती नसतात, नुसते खांब आणि मोकळी जागा. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. मलय लोकांची लग्नं तिथे होतात, चिन्यांची मयतं ठेवतात, म्हातारे बुद्धिबळ खेळतात. वृंदाने शनिवारी सकाळी तिथे वर्ग घ्यायची परवानगी काढली. कुणाचं लग्न किंवा मयत असलं की वर्ग नाही, ही अट. पण नुसत्या सिमेंटवर पाय आपटले तर पोरींचे गुडघे जातील. म्हणून तिने आणि शिरीषने प्लायवूडच्या फळ्या करून घेतल्या, खालून पट्ट्या ठोकलेल्या, म्हणजे फळी आणि जमीन यांच्यात बोटभर पोकळी राहते. पाय पडला की फळी बोलते. त्या ठेवायच्या कुठे यावरून आमचं झालंच. ती म्हणाली, तुमच्या खोलीत जागा आहे. मी म्हटलं, माझ्या खोलीत मी आहे. ती म्हणाली, "तुम्ही पुढे असता. मागे जागा आहे." तेव्हापासून फळ्या माझ्या खाटेमागे भिंतीला टेकून उभ्या आहेत. कूस बदलली की कोपर लागतं.

पहिल्या शनिवारी तिने मोठ्या मुलींनाही पहिलीत बसवल्यासारखं पुन्हा ता थेई थेई तत पासून सुरू केलं. हात कमरेवर, गिरकी नाही, काही नाही, फक्त पाय. दोन मुलींच्या आया मुली घेऊन गेल्या. हे काय, इतकं येत असताना मागे नेताय म्हणाल्या. वृंदा म्हणाली, "त्यांना येत नव्हतं. ते मी शिकवलं नव्हतं म्हणून." बाकीच्या राहिल्या. नव्या येत गेल्या. अँटी तान पहिल्याच दिवशी प्लास्टिकचं स्टूल घेऊन खाली उतरल्या, आवाज किती येतो ते बघायला. आमच्याकडे पाठ करून बसल्या. पुढच्या शनिवारीही बसल्या. कधी वळून पाहिलं नाही की कधी तक्रार केली नाही.

घुंगरं ओवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या गावच्या बायकांनी ऐकलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. मिरजेहून सुटी घुंगरं यायची, मी सुती दोरीला पीळ देऊन एकेक बसवायची. वृंदाचा नियम असा की पोरीला एकदम सगळी घुंगरं नाहीत. पाय स्वच्छ वाजला की थोडी. आणखी सुधारली की आणखी. आया माझ्याकडे चोरून विचारायच्या, हिच्या चाळात किती झाली, तिच्यापेक्षा कमी का. मी सांगायची, मला मोजता येत नाही. माझी नात ईशा आठवीच्या वयाची झाली आणि तिने नाच सोडला. "मम्मा, आय डोंट वॉन्ट ला," एवढंच म्हणाली. मला वाटलं घरात आता रामायण होणार. वृंदा म्हणाली, "ठीक. घुंगरू आण." ईशाने आणून दिले. वृंदाने ते माझ्यापुढे ठेवले आणि सांगितलं, उसवा, दुसऱ्या मुलींना लागतील. ईशा दोन दिवस जेवली नाही नीट. मी वृंदाला म्हटलं, पोटची पोर आहे, एक चाळ पेटीत राहिला असता तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "पेटीत ठेवून काय करायचं? घुंगरू पायात असतं, नाहीतर ते पितळ आहे." मला ते तेव्हा कठोर वाटलं. अजूनही वाटतं. पण त्या पोरींच्या पायात ईशाची घुंगरं अजून वाजताहेत हे खरं.

ती सगळा वेळ अशीच होती असंही नाही. एका गणपतीत आयांनी फारच धरलं म्हणून तिने सिनेमाच्या गाण्यावर नाच बसवला, आणि पोरींबरोबर स्वतःच इतकी हसत नाचली की शिरीष बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मी म्हटलं, काय ग, संस्कृती बुडाली ना. म्हणाली, "बुडू दे एक दिवस. पोहता येतं तिला."

शेवटच्या महिन्यात तिला दम लागायचा. फळ्या लिफ्टमधून बाहेर काढताना मध्येच खांबाला टेकायची. मी म्हटलं डॉक्टरकडे जा, ती गेली, त्यांनी तपासण्या सांगितल्या, तारीख मिळाली ती पुढच्या आठवड्याची. त्या शनिवारी मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "शनिवार आहे." ती पन्नाशीची बाई होती, लहान पोर नव्हती.

शोकसभा एका आईच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत झाली, खालच्या मोठ्या खोलीत. फोटो, फुलं, समई. सगळ्या खरंच रडल्या, त्यात काही खोटं नव्हतं. मग एकीने सांगितलं की आम्ही मिळून एक ठरवलं आहे. वृंदाताईंचा डावा चाळ अख्खा आहे, तो काचेच्या पेटीत बसवून आजींच्या घरी लावायचा. आणि उजव्या पायाची सुटलेली घुंगरं मुलींनी गोळा केली आहेत, ती प्रत्येकीला एक एक द्यायची, नाव घालून किल्लीच्या साखळीत. म्हणजे ताई कायम मुलींच्या शाळेच्या बॅगेला असतील. वर्गाचीही सोय झाली होती. पुण्याच्या एक चांगल्या शिक्षिका आठवड्यातून एकदा कंप्युटरवरून शिकवायला तयार होत्या. परवानगी नको, फळ्या नकोत, प्रत्येकीने आपल्या घरी. मी विचारलं, "घरी कशावर नाचणार?" ती म्हणाली, "आजी, फोमच्या चटया मिळतात ना." रेवाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, घुंगरं मला परत हवी आहेत. सगळी. त्या गोंधळल्या. घरच्यांचा हक्क आहेच म्हणाल्या, पण आजी तुम्ही काय करणार त्यांचं? मी म्हटलं, ओवणार. कुणासाठी? मी रेवाकडे बोट दाखवलं. रेवा क्लेमेंटीला विद्यापीठात संशोधन करते, पुण्यात थोडं कथक शिकून आलेली. दर शनिवारी एमआरटीच्या गाडीने बेटाच्या त्या टोकाहून या टोकाला यायची. ती एकदम उभी राहिली. "आजी, मी नाही शिकवू शकत. माझंच शिक्षण अर्धं आहे."

"तिचंही अर्धंच होतं," मी म्हटलं. "परीक्षा राहिली होती तिची."

"दोन वर्षांनी माझा इथे राहायचा पास संपेल. मी इथे असेन की नाही माहीत नाही."

"मग दोन वर्षं शिकव."

कुणाला राग आला, कुणाला मी विचित्र वाटले. वाटू दे. एक आई मला दाराशी गाठून हळू आवाजात म्हणाली, आठवण म्हणून निदान एक तरी द्या आजी, माझी मुलगी रात्रंदिवस रडते. मी तिला सांगितलं, तिला शनिवारी पाठव. आठवण नको म्हणणारी मी कोण? पण बॅगेला लटकलेलं एक घुंगरू वाजतं त्याला मी वाजणं म्हणत नाही. आणि ती वाटून टाकली असती की झालं होतं, पोरी पुन्हा चटईवर. वृंदाने ज्या एका चुकीसाठी सगळं मागे नेऊन पुन्हा सुरू केलं, तीच चूक आम्ही तिच्या फोटोपुढे समई लावून करणार होतो.

दुसऱ्याची घुंगरं अशीच पायात घालत नाहीत. गुरूच्या हातून घ्यावी लागतात. रेवाने पुण्याला बाईंना फोन केला. बाई आता फार थकल्या आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ओवतंय कोण? रेवाने सांगितलं, ताईंच्या सासूबाई. बाई म्हणाल्या, "मग त्यांच्या हातून घे."

गोळा झालेली घुंगरं मी तांदळासारखी ताटात पसरून बसले. काही चेपलेली, काहींतला आतला खडा गेलेला, वाजेनात. काही गटारात गेली होती. एका दुपारी बेल वाजली, दारात अँटी तान. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, त्यात धुऊन पुसलेली घुंगरं. जाळीखालून कुणाकडून तरी काढून घेतली असावीत, मी विचारलं नाही. त्या पहिल्यांदाच घराच्या आत आल्या. वृंदाच्या फोटोकडे पाहिलं. "युअर डॉटर-इन-लॉ व्हेरी नॉइझी," म्हणाल्या. आणि मग, "बट ऑलवेज ऑन टाइम." मी चहा विचारला. त्या नको म्हणाल्या आणि बसल्या.

तरीही उजवा चाळ डाव्यापेक्षा हलका झाला. एका पायात जड आणि एका पायात हलकं चालत नाही, आवाज लंगडा होतो, एवढं मलाही कळतं. म्हणून डाव्याचीही गाठ सोडली, जास्तीची घुंगरं काढली, दोन्ही सारखे केले. काढलेली एका लहान पोरीच्या चाळात घातली, तिचा पाय सुधारला आहे असं रेवा म्हणाली. वृंदाचे होते तेवढे जड हे चाळ आता नाहीत. मी ते रेवाच्या हातात दिले. तिने कपाळाला लावले. मी ओवताना कधी लावले नव्हते.

वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. सगळ्या मुली आल्या नाहीत. काही आता कंप्युटरवर शिकतात, त्यांचं त्यांना लखलाभ. जी मुलगी रडत होती ती येते. रेवा वृंदासारखी चापट मारत नाही. चुकलं की स्वतःच ओशाळते. पहिल्या शनिवारी तिचा आवाज बोल म्हणताना दोनदा अडकला, पण पाय अडकले नाहीत. फळ्या बोलल्या. अँटी तान पाठ करून बसल्या होत्या.

ईशा नाचत नाही, नाचणारही नाही. मात्र शनिवारी सकाळी मी हाक मारायच्या आत माझ्या खोलीत येते, खाट पुढे ओढते आणि मागच्या फळ्या एकेक बाहेर घेते. लिफ्टमध्ये त्या तिरप्या घालाव्या लागतात, नाहीतर दार लागत नाही. तिला ते माहीत नव्हतं, मी दाखवलं. मला वृंदाने दाखवलं होतं. वृंदा गेली त्या शनिवारी ईशा शाळेत परीक्षेला होती, आणि फळ्या घेऊन खाली नेहमीसारख्या आम्ही दोघीच उतरलो होतो, मी आणि वृंदा. वर मी एकटी आले.